पाणी काढून घेतलेलं खाणं

शंभर ग्रॅम ताज्या गाजरात साधारण ८८ ग्रॅम पाणी असतं. ते नीट वाळवलं की हाती येतात जेमतेम १३ ग्रॅम कडक, नारिंगी तुकडे. वाटीच्या तळाशी ते इतके थोडे दिसतात की हात आपोआप आणखी एक चिमूट टाकतो. आता हाच हिशेब उलटा करून पाहा. बजरिगर या छोट्या पाळीव पोपटाचं वजन ३० ते ४० ग्रॅम. त्याच्या वाटीत ५ ग्रॅम वाळवलेलं गाजर पडलं म्हणजे जवळजवळ ३८ ग्रॅम ताजं गाजर पडलं, त्या पक्ष्याच्या स्वतःच्या वजनाइतकं.

पाळीव पक्ष्यांना वाळवलेल्या भाज्या आणि फळं द्यावीत का, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. काहींच्या मते ताज्याला पर्याय नाही, वाळवलेलं म्हणजे निःसत्त्व. काहींना ते फार सोयीचं वाटतं: नासत नाही, सांडलं तरी झाडून टाकता येतं, आठवड्याचं एकदम भरून ठेवता येतं. मला दोन्ही मतं अर्धवट वाटतात. वाळवणात मुळात वाईट काही नाही. त्यातलं पाणी काढून घेतलेलं आहे, एवढाच फरक आहे. पण तो फरक प्रत्येक पायरीवर आडवा येतो. माप चुकतं ते पाण्यामुळे, बरणीत बुरशी धरते ती राहून गेलेल्या पाण्यामुळे, भिजवलेलं आंबतं ते परत घातलेल्या पाण्यामुळे. एवढं लक्षात ठेवून दिलं तर वाळवलेली भाजी ही पक्ष्यासाठी फार कामाची गोष्ट आहे.

ती द्यायचीच कशाला, हे आधी पाहू. बहुतेक घरांत बजरिगर, कॉकटील, लव्हबर्ड, पोपट दाण्यांवरच जगतात. दाण्यांत, विशेषतः सूर्यफुलाच्या बियांत, स्निग्धांश भरपूर असतो आणि अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच कमी. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंड, नाक, श्वासनलिका यांच्या आतलं ओलसर, मऊ अस्तर जाड आणि कोरडं होत जातं. टाळूवर जी फट असते तिच्या कडेचे बारीक काटे बोथट होतात, तोंडात पांढरट चट्टे येतात, नाकपुड्या चोंदतात, सारखा संसर्ग होतो. ही लक्षणं दिसेपर्यंत कमतरता बरीच जुनी झालेली असते. गाजर, लाल भोपळा, रताळं, लाल ढोबळी मिरची, गडद हिरव्या पालेभाज्या यांतल्या बीटा-कॅरोटीनपासून पक्ष्याचं शरीर गरजेपुरतं अ जीवनसत्त्व बनवून घेतं. औषधाच्या थेंबांतून तयार अ जीवनसत्त्व जास्त गेलं तर विषबाधा होऊ शकते. कॅरोटीनच्या बाबतीत ती भीती नाही. म्हणून थेंबांपेक्षा भाजी बरी, असं माझं स्वच्छ मत आहे. आणि हे कॅरोटीन वाळवणात बऱ्यापैकी टिकतं, वाळवणं नीट केलं तर.

क जीवनसत्त्वाचं तसं नाही. उष्णता आणि हवा लागली की ते झपाट्याने कमी होतं. पण पोपट कुळातले पक्षी स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात, त्यामुळे त्या नुकसानीची फार चिंता करायला नको.

घरी वाळवायचं तर चिरण्यापासून काळजी घ्यावी लागते. चकत्या ३ ते ५ मिलिमीटर जाड आणि सगळ्या सारख्या हव्यात. एक जाड, एक पातळ असं झालं की पातळ जळकट होतात आणि जाड आतून ओल्या राहतात. बजरिगरसारख्या छोट्या पक्ष्यासाठी जाड किसणीवर किसलेलं सर्वांत सोयीचं. गाजर, फरसबी, ब्रोकोली, मटार हे आधी वाफेवर धरावेत: गाजर, फरसबी आणि ब्रोकोली तीनेक मिनिटं, मटार दोन. मग लगेच गार पाण्यात टाकून निथळून, कापडावर कोरडे करावेत. ही पायरी अनेकजण गाळतात, कारण तिच्याविना भाजी वाळते तर खरीच. पण भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, सक्रिय राहिली तर बरणीत गेल्यावरही ती आपलं काम करत राहतात; रंग उडतो, वास बदलतो आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते कॅरोटीन हळूहळू निघून जातं. वाफेमुळे ही विकरं थांबतात. रताळं मात्र पूर्ण शिजवूनच वाळवावं, कारण कच्च्या रताळ्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. ढोबळी मिरची आणि कोथिंबिरीसारखी पानं न वाफवता चालतात.

डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे अन्न वाळवण्याच्या यंत्रात, भाज्यांना ५० ते ५५ अंश सेल्सिअस पुरतं, फळांना थोडं वर, ५७ च्या आसपास, आणि पानांना ३५ ते ४०. गाजराच्या चकत्यांना सहा ते दहा तास लागतात, सफरचंदाला सहा ते बारा, पानांना दोन ते चार. तासांवर विसंबू नये, हवेतला दमटपणा आणि फोडींचा आकार यांनी ते सहज दीडपट होतात. घाईने तापमान वाढवणं ही सगळ्यांत वाईट युक्ती. बाहेरचा थर झटपट कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाटच बंद होते. वरून खडखडीत वाजणारी फोड आतून ओली असते, आणि आठ-दहा दिवसांनी बरणी उघडली की बुरशीचा वास येतो.

उन्हात वाळवायचं असेल तर हवा कोरडी आणि कडक तापलेली हवी. दमट हवेत भाजी वाळण्याआधी आंबायला लागते. थेट उन्हात कॅरोटीनही उडतं, म्हणून पानं सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत आणि बाकीच्यांवर पातळ मलमल टाकावी. ती मलमल रानपाखरांच्या शिटेसाठी आणि माश्यांसाठीही लागते, कारण बाहेरच्या पाखरांचे आजार घरातल्या पक्ष्यापर्यंत पोचायला हा अगदी सरळ रस्ता आहे.

यंत्राबद्दल एक सूचना. अन्न चिकटू नये म्हणून ट्रेला जो लेप असतो, तो जास्त तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. पन्नास-पंचावन्न अंशांवर हा धोका नसतो. पण ओव्हन स्वतःची सफाई करण्याच्या सेटिंगवर गेला, किंवा कोरडा एअर फ्रायर चुकून उच्च तापमानावर चालू राहिला, तर तो येतो. स्टीलच्या जाळ्या वापराव्यात आणि पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये.

वाळलं की नाही हे गरम असताना कळत नाही, गरम तुकडा नेहमी मऊच लागतो. एक तुकडा बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग वाकवावा. गाजर कट्‌कन तुटलं पाहिजे. पान बोटांत चुरगळून भुगा झालं पाहिजे. सफरचंदासारखं फळ तुटत नाही, ते चामड्यासारखं लवचिक राहतं; ते मधोमध फाडून, फाडलेली कड दाबून पाहावी. तिथे ओलाव्याचा एकही थेंब चमकता कामा नये. त्यानंतरही लगेच कायमचं झाकण लावू नये. सगळं गार करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरावं, झाकण लावावं आणि आठवडा ते दहा दिवस रोज एकदा हलवावं. काही तुकडे जास्त वाळलेले असतात, काही कमी. या दिवसांत ओल सगळ्यांत सारखी वाटली जाते. काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरलेलं दिसलं तर सगळं पुन्हा डिहायड्रेटरमध्ये जातं. बुरशीचा एक ठिपका दिसला तर सगळी बरणी फेकायची, ठिपका असलेला तुकडा वेचून काढायचा नाही. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या कितीतरी पलीकडे पसरलेले असतात, आणि अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशा पक्ष्यांसाठी दुहेरी घातक: काहींचे बीजाणू फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत जाऊन रोग करतात, काहींचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करतं. आफ्रिकन ग्रे पोपट या बुरशीच्या आजाराला विशेष बळी पडतात.

आता वाटीकडे येऊ. माझ्या मते पहिला नियम असा: वाळवलेली भाजी शक्यतो भिजवून द्यावी, कोरडी द्यायची ती थोडी आणि ठराविक कामासाठी. दाणे खाणाऱ्या पक्ष्याला अन्नातून पाणी जवळजवळ मिळतच नाही, तो वाटीतल्या पाण्यावर अवलंबून असतो. ताज्या भाजीतून जो पाण्याचा वाटा पोटात जायचा, तो वाळवलेल्यातून जात नाही. उलट कोरडे तुकडे गळ्याखालच्या अन्नपिशवीत पाणी शोषून फुगतात. निरोगी, नीट पाणी पिणाऱ्या पक्ष्याला थोड्या तुकड्यांनी काही होत नाही. पाण्याची वाटी कोरडी पडलेली, गरमीचे दिवस आणि पोटात सुकी भाजी, हे तिन्ही एकत्र आलं की त्रास होतो.

भिजवण्यासाठी एक भाग भाजी आणि दोन भाग उकळतं पाणी. उकळतंच. वाळवण्याच्या तापमानाला जिवाणू मरतात असं समजू नये; बरेचसे नुसते थांबून राहतात आणि कोमट पाणी मिळालं की पुन्हा वाढायला लागतात. उकळत्या पाण्याने ती शक्यता बरीच कमी होते. झाकण ठेवून पानं पाच मिनिटं, किस पंधरा, चौकोनी फोडी अर्धा ते एक तास. मध्यभाग दाबून पाहावा, कडक गाठ लागली तर अजून थांबावं. मग निथळून, खोलीच्या तापमानाला आणून द्यावं. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही. त्यात भाजीतले क्षार आणि गोडी उतरलेली असते, चमचाभर परत वरून शिंपडावं. पण ते पाणी पिण्याच्या वाटीत घालू नये. तासाभरातच ती वाटी जिवाणूंची होते.

भिजवलेलं अन्न हे ताज्या अन्नापेक्षा लवकर नासतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. बरणीत सहा महिने टिकलेली गोष्ट वाटीत सहा तास टिकेल असं उगाच वाटतं. भिजवलेली भाजी पिंजऱ्यात दोन तास, गारव्यात फार तर चार, त्यानंतर वाटी काढून धुवायची. उरलेली फ्रिजमध्ये एक दिवस. आंबलेलं अन्न पोटात गेलं की अन्नपिशवी वेळेवर रिकामी होत नाही, पक्षी मान झटकून उलटी करतो, तोंडाला आंबूस वास येतो. सकाळी उपाशीपोटीही ती पिशवी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

माप भिजवल्यानंतरचं धरावं, म्हणजे सुरुवातीचा तो उलटा हिशेब मनात करत बसावा लागत नाही. बजरिगर आणि लव्हबर्डला रोज भिजवलेली भाजी एक लहान चमचा, कॉकटीलला दोन, चारशे-पाचशे ग्रॅमच्या आफ्रिकन ग्रे किंवा अ‍ॅमेझॉन पोपटाला दोन ते तीन मोठे चमचे. हे अंदाज आहेत. पक्षी काय संपवतो आणि त्याचं वजन कसं राहतं, त्यावरून ते कमीजास्त करायचे. आठवड्यातले काही दिवस तरी ताजी भाजी असावीच. वाळवलेली भाजी बाकीच्या दिवसांची भर आहे.

कोरडी भाजी कुठे उपयोगी पडते? खाणं शोधायला लावण्याच्या खेळात. कागदाच्या पुड्यांत, पुठ्ठ्याच्या नळ्यांत, कागदाच्या कातरणांत गाजराचे आणि ढोबळी मिरचीचे सुके तुकडे लपवले की ते दिवसभर न नासता राहतात आणि पक्ष्याची चोच कामात राहते. दिवसभर रिकामा बसलेला पोपट स्वतःची पिसं उपटतो, त्यामुळे हे काम लहान समजू नये. सफरचंदाच्या सुक्या चकत्या स्टीलच्या सळईवर ओवाव्यात. दोऱ्यात ओवल्या तर चकती संपल्यावर दोरा उरतो आणि त्यात नख किंवा बोट अडकतं. आणखी एक उपयोग विणीच्या काळातला. मऊ, ओलं, कोमट अन्न मुबलक मिळालं की अनेक माद्यांचं शरीर अंडी घालायला सज्ज होतं. सतत अंडी घालणाऱ्या कॉकटील मादीला भिजवलेल्याऐवजी थोडी कोरडी भाजी देणं हा समजूतदार बदल आहे. अर्थात उजेडाचे तास कमी करणं, घरट्यासारखे कोपरे काढून टाकणं याच्या जोडीनेच.

दाण्यांच्या वाटीत वाळलेला पाला मिसळून ठेवणं मात्र मला अजिबात पटत नाही. पक्षी दाणे वेचतो, पाल्याचा भुगा तळाशी बसतो, वर टरफलांचा थर येतो आणि आपण समजतो की भाजी खाल्ली गेली. संध्याकाळी ती वाटी एका पांढऱ्या कागदावर रिकामी करून टरफलं फुंकून पाहावीत. सकाळी टाकलेला सगळा हिरवा भुगा कागदावर जसाच्या तसा सापडतो.

ज्या पक्ष्याने जन्मभर दाणेच पाहिलेत, त्याला भाजी हे अन्न आहे हेच माहीत नसतं. इथे वाळवलेल्या भाजीचा असा उपयोग होतो जो ताजीचा होत नाही: ती दळून पूड करता येते. राळ्याचं कणीस पाण्यात बुडवून झटकायचं आणि त्यावर पानांची किंवा गाजराची पूड चिमूटभर चोळायची. ओलसर दाण्यांना ती चिकटते आणि दाण्याबरोबर चोचीत जाते. भिजवलेल्या किंवा मोड आलेल्या दाण्यांच्या एका चमच्यालाही तेवढीच चिमूट. चव ओळखीची झाली, साधारण आठवड्याने, की पूड थोडी भरड करायची. मग किस भिजवून त्यात दाणे लपवायचे, मग दाणे हळूहळू कमी. दाण्यांत स्निग्धांश असतो आणि कॅरोटीन स्निग्धांशाबरोबरच नीट शोषलं जातं, म्हणून ही जोडी एरवीही चांगली. या सगळ्या काळात रोज सकाळी, खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर पक्ष्याचं वजन करावं. तीन-चार टक्क्यांची घट दिसली की एक पायरी मागे यावं. दहा टक्के घट म्हणजे पक्षी आजारी आहे असंच समजावं. भुकेने अडवून पक्ष्याला भाजी खायला लावणं हे क्रूर आहे आणि धोक्याचंही; लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासाने खचतो.

फळांची गोष्ट वेगळी आणि थोडी कडक. ताज्या सफरचंदात शंभरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, वाळवलेल्यात पन्नासच्या वर. बेदाण्यात साठीच्या घरात. पाणी गेल्यावर जिभेला आणि पोटाला थांबवणारं काही उरत नाही. जास्त साखर म्हणजे चरबी, आणि अन्नपिशवीत यीस्टला आयतं खाद्य. बजरिगरला बेदाण्याचा पाव तुकडा, तोही आठवड्यातून एक-दोनदा. मोठ्या पोपटाला दिवसाला एक-दोन बेदाणे. ते वाटीत टाकून वाया घालवू नयेत. हातावर बसायला शिकवताना, पिंजऱ्यात परत बोलावताना बक्षीस म्हणून द्यावेत. तिथे त्या गोडीचं चीज होतं. खजूर, अंजीर अशी चिकट फळं चोचीच्या कडेला आणि दांडीवर चिकटून राहतात आणि तिथेच आंबतात. ती द्यायची तर भिजवून, आणि नंतर दांडी पुसून. सफरचंदाच्या बिया, जर्दाळू आणि आलुबुखारची कोय वाळवण्याआधीच काढावी. त्यांतून सायनाइड तयार होतं. अ‍ॅव्होकॅडो ताजा, सुका, कुठल्याच रूपात नको, त्यातलं पर्सिन पक्ष्याच्या हृदयावर घाला घालतं.

विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचायची. जर्दाळू लख्ख केशरी किंवा मनुके सोनेरी दिसत असतील तर ते जवळजवळ नक्कीच गंधकाच्या धुरीचे किंवा सल्फाइटचे असतात. यादीत सल्फर डायऑक्साइड किंवा ई २२० ते ई २२८ मधला एखादा क्रमांक सापडतो. सल्फाइटमुळे थायमिन हे ब जीवनसत्त्व नष्ट होतं. धुरी न दिलेलं जर्दाळू तपकिरी आणि कुरूप असतं, तेच घ्यावं. पपई, अननस, क्रॅनबेरी बहुतेक वेळा साखरेच्या पाकातून काढलेली असतात. केळ्याच्या चकत्या तळलेल्या असतात, त्या वाळवलेल्या नव्हेत. बेदाण्यांवर तेलाचा हात असतो, तो गरम पाण्याने धुऊन टाकता येतो. माणसांसाठी विकलं जाणारं सूपचं भाजी-मिश्रण पक्ष्याला कधीही देऊ नये: त्यात कांदा आणि लसूण असतात, मीठही असतं. कांद्यामुळे पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि वाळवलेल्या कांद्यात तो गुण कित्येक पटींनी एकवटलेला असतो.

काही तयार मिश्रणांत भाज्यांच्या तुकड्यांबरोबर राजम्यासारखी कच्ची सुकी कडधान्यंही दिसतात. ती रंगीत दिसतात म्हणून घातलेली असावीत. वाळवलेले मटार आधी वाफवलेले असू शकतात, पण कच्चा राजमा कच्चाच असतो आणि त्यातलं लेक्टिन आतड्याला इजा करतं. असं मिश्रण हाती आलं तर कडधान्यं वेचून रात्रभर भिजवावीत, ते पाणी फेकून खळखळत्या उकळीत निदान दहा मिनिटं ठेवून मग मऊ शिजवावीत, नाहीतर टाकून द्यावीत.

सुक्या लाल मिरचीचा मला विशेष लोभ आहे. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. ज्या संवेदक प्रथिनामुळे आपल्या तोंडाची आग होते, ते त्यांच्यात कॅप्सेसिनला, म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकाला, दाद देत नाही. कॅरोटीन भरपूर, बिया कुरतडायला मजा, आणि फार कमी पक्षी तिला नाही म्हणतात. पण मिरची ही आतून पोकळ असते आणि बुरशी त्या पोकळीत, बियांच्या गाठीभोवती धरते. बाहेरून लाल चकाकणारी मिरची देठापासून टोकापर्यंत उभी कापावी, उजेडात धरावी. आतली भिंत स्वच्छ आणि बिया फिकट पिवळ्या हव्यात. करडी जाळी, काळपट बिया, किंवा कुबट वास यांतलं एक जरी दिसलं तरी ती मिरची गेली. अख्खी मिरची न पाहता पिंजऱ्यात टांगू नये. आणि तिची पूड पक्ष्याच्या खोलीत करू नये. तिखट लागत नसलं तरी बारीक धूळ श्वासात जाणं वाईटच.

साठवणीचे शत्रू तीन: उजेड, हवा, उष्णता. पारदर्शक बरणी खिडकीत छान दिसते आणि गाजर तिथे दोन-तीन महिन्यांत गवतकाडीसारखं फिकट होतं. बरणी बंद कपाटात ठेवावी. पंधरा अंशांच्या आसपास भाज्या सहा महिने, फळं वर्षभर चांगली राहतात. सत्तावीस अंशांना हा काळ निम्म्यावर येतो. पूड आठवडा-दोन आठवड्यांपुरतीच करावी, कारण पूड केली की हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. कॅरोटीन उडालेल्या गाजराला एक ओळखू येणारा वास येतो, गोडसर, अत्तरासारखा, थोडा वाळल्या गवताचा. तो आला की ते गाजर विषारी नसतं, पण देऊन उपयोगही उरलेला नसतो. तुकड्यांत बारीक जाळी किंवा दाणेदार विष्ठा दिसली तर पतंगाच्या अळ्या आहेत. नवीन आणलेलं पाकीट उणे अठरा अंशांत चार दिवस ठेवलं तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर बाष्प आत धरतं. गोठवून वाळवलेल्या फळभाज्यांना हे सगळं दुप्पट लागू आहे. त्यांत रंग, आकार आणि नाजूक जीवनसत्त्वं जास्त चांगली टिकतात, पण त्यांची रचना सच्छिद्र असते आणि उघडं पाकीट एका दमट दुपारी मऊ पडतं.

बीट दिल्यावर विष्ठा लालसर होईल, पानांनी गडद हिरवी. एक दिवस बीट बंद करून रंग परत आला तर काळजी नाही. न आल्यास ते रक्त असू शकतं. पालक आणि बीटची पानं रोज नकोत, त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि दाण्यांवरच्या पक्ष्याकडे मुळात कॅल्शियमची टंचाई असते. वाळवलेल्या रूपात मूठभर पाला चमचाभर दिसतो, म्हणून इथे चूक लवकर होते.

आणि काही पक्ष्यांना हे खाणं द्यायचंच नाही, किंवा फार सांभाळून द्यायचं. लोरी आणि लोरिकीट मधुरसावर जगतात. त्यांना कोरडं काही नको, सगळं भिजवून मऊ केलेलं. मैना आणि टूकन यांच्या यकृतात लोह साठत जाण्याचा आजार होतो, म्हणून बेदाणे आणि इतर सुकी फळं, ज्यांत पाणी गेल्यामुळे लोह एकवटलेलं असतं, त्यांना टाळावीत, आणि लोह जास्त शोषायला लावणारी आंबट फळंही अन्नाबरोबर देऊ नयेत. हातावर वाढवलेली पिल्लं पूर्णपणे स्वतः दाणे सोलून खायला लागेपर्यंत सुके तुकडे त्यांच्या जवळ ठेवू नयेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या पक्ष्याला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोरडी भाजी देऊ नये. त्याच्या वाटीत भाजी जाईल ती ताजी, नाहीतर पूर्ण फुगेपर्यंत भिजवलेली, आणि पाण्याची वाटी दिवसातून दोनदा बदललेली.